वाघिणीची माफी

"याला बाहेर उभा करा. घोंगडीचा वास मारतोय याच्या अंगाला," वकील म्हणाला.

माझ्या अंगावर घोंगडी नव्हती. ती वनखात्याने जप्त करून, पोत्यात शिवून, वर लाखेचं सील मारून नेली होती. मी नुकताच जामिनावर सुटलेला. अंगात आण्णांनी दिलेला जुना शर्ट, तोही हौसाने धुतलेला. तरी मी निमूट बाहेर गेलो आणि चपलांपाशी उभा राहिलो. आत पंख्याखाली आण्णा बसले होते. माझी केस माझ्याशिवाय चालली होती. आण्णांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. कुणी बघत नाही असं पाहून मी शर्टाची बाही नाकाला लावली आणि हुंगली. त्या वकिलाची मला आजही किळस येते. पण बाही हुंगणाऱ्या त्या माणसाची जास्त येते.

आण्णा म्हणजे माझे मालक. आळे गावाच्या बाजूला त्यांचा बागायती मळा. मी आंबेगावच्या डोंगरातला, महादेव कोळी. आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा बायको हौसा आणि दोन मुली घेऊन मी खाली उतरलो आणि आण्णांच्या मळ्यात सालाने गडी म्हणून राहिलो. नऊ वर्षं राहिलो. मुलींना शाळेत घेतलं ते आण्णांच्या शब्दावर. आजारपणात गाडी दिली ती आण्णांनी. माणूस देवासारखा वाटायचा. देवासारखा वाटणाऱ्या माणसापासून लांब राहावं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या काळात जुन्नरकडच्या उसात बिबटे फार झाले होते. आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो. आण्णांना वाघाचं काही नव्हतं, त्यांना रानडुकरांचा राग. डुकरं ऊस मोडायची, म्हणून त्यांनी बांधाच्या कडेने उघडी तार ओढली. सांज झाली की स्वतः विजेच्या खांबावर आकडा टाकायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. तू मरशील आणि निस्तरावं मला लागेल, म्हणायचे. उसात वाघीण आहे, तिला तार लागेल, असं मी दोनदा सांगितलं. लागली तर लागली, म्हणाले.

एका सकाळी ती तारेला लागून मेलेली दिसली. चांगली थोराड मादी. जिभेवर मुंग्या चढल्या होत्या.

आमच्यात वाघ हा देव. वाघबारशीला आम्ही त्याच्या ठाण्यापुढे नैवेद्य ठेवतो. मेलेला वाघ दिसला तर त्याला उघडा टाकून जायचं नाही. आपल्या अंगावरचं पांघरूण त्याच्यावर घालायचं, कपाळाला शेंदूर लावायचा, आणि ज्याला तो आधी दिसला त्याने माणसांच्या वतीने माफी मागायची. मारला कुणीही असो, माफी बघणाऱ्याने मागायची. माझा बाप असंच करायचा, त्याचा बापही. मी घोंगडी तिच्यावर टाकली आणि शेंदूर, नारळ आणायला खोपीकडे पळालो. तेवढ्या वेळात आण्णांनी तार गुंडाळून नेली. परत आल्यावर ते मला दिसलं, पण मी त्याचा विचारच केला नाही. मी गुडघे टेकून बसलो.

"माजं चुकलं माये. माज्या हातनं घडलं. पोटात घाल," मी म्हणत होतो.

मागे वनखात्याची जीप येऊन थांबलेली मला कळली नाही. आण्णांनीच निरोप धाडला होता. पंचनाम्याला पंच म्हणून आण्णांचा पुतण्या उभा राहिला. मी डुकरांसाठी मालकाला न सांगता तार लावली, असं त्याने सांगितलं. आणि कागदावर लिहिलं गेलं की आरोपी मृत प्राण्यासमोर स्वतःचा गुन्हा कबूल करताना आढळला. साहेबांनी मला विचारलं, असं म्हणालास का? मी हो म्हणालो. म्हणालोच होतो. देवापुढे बोललेलं नाकारायचं कसं? चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात. इथे संन्यासी आपल्या पायांनी सुळीवर चढला होता आणि वर हातही जोडून बसला होता.

तुरुंगात महिनाभर काढल्यावर आण्णांच्या वकिलाने जामीन करून दिला. हौसा आण्णांच्या पाया पडली. मीही पडलो. ज्याच्या तारेने मला आत घातलं, त्याच्या पायांवर मी डोकं ठेवलं.

मग तारखा सुरू झाल्या. तारखेला सकाळी लवकर जुन्नरला जायचं, वकिलाची गाडी पुसायची, त्याचं दप्तर उचलून कोर्टापर्यंत न्यायचं. तो पान खायचा. ऑफिसातल्या बेसिनमध्ये लाल चिकट थर साचलेला असायचा, तो मी हाताने खरवडून धुवायचो. दोन वर्षं धुतला. त्या दोन वर्षांत त्याने मला एकदाही विचारलं नाही की त्या दिवशी काय झालं होतं.

मध्ये मी दुसरा वकील शोधून पाहिला. एकाने मालकाचं नाव ऐकलं आणि हात जोडले. म्हणाला, आण्णा आमचे पावणे लागतात, मला त्यांच्या विरोधात उभं करू नको. दुसरा बरा वाटला, कागद मागितले. कागद माझ्याकडे नव्हतेच. ते आधी तुझ्या वकिलाकडून घेऊन ये आणि त्याचं ना-हरकत लिहून आण, म्हणाला. ते मागायची माझी छाती झाली नाही. मी परत येऊन बेसिन धुतलं.

एके दिवशी वकिलाने आण्णांसमोर सांगितलं की आज मॅजिस्ट्रेट साहेब तुला विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तू हो म्हण. दिल्लीचा कायदा आहे हा, वाघ मारला की तीन वर्षं कमीत कमी. लढलास तर सात होतील. कबूल केलंस तर तिनावर सुटशील. मी घाबरत विचारलं, "साहेब, तार कुनाची व्हती ते कवा सांगायचं?"

वकिलाने आण्णांकडे बघितलं. आण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हौसाचं आन् पोरींचं मी बघतो. खाल्ल्या मिठाला जाग."

कोर्ट सुरू व्हायला वेळ होता. वकील मला कोर्टातल्या वकिलांच्या बसायच्या खोलीत घेऊन गेला. तिथे आणखी चार-पाच काळे कोट चहा पीत होते. माझी ओळख करून दिली, "हा तो शेंदूरवाला." सगळे हसले. मग म्हणाला, कसं म्हणालास ते करून दाखव यांना. मी उभाच. त्याने पायाने एक खुर्ची माझ्यापुढे सरकवली आणि तिच्यावर आपला काळा कोट टाकला.

"ही तुझी वाघीण समज. बस खाली."

आणि मी बसलो. हे लिहिताना तोंडात कडू पाणी येतंय, पण लिहितो. मी त्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. हात जोडले. "माजं चुकलं माये," इथपर्यंत म्हणालो. एकाच्या नाकातून चहा आला हसताना. दारात आण्णा उभे होते, पोट धरून हसत होते. नऊ वर्षं ज्यांचं अन्न खाल्लं ते. मला समोर खुर्ची दिसेना, मुंग्या चढलेली ती जीभ दिसायला लागली. ती यांच्या तारेने मेली. तिची माफी यांनी मागायची. मी यांच्यासाठी माफी मागितली, आता यांच्यासाठी तुरुंगात जायचं, आणि वर यांची करमणूकही मीच करायची.

पुढचं वाक्य मी म्हटलं नाही. उठलो. वकील म्हणाला, अरे पुरं कर की.  त्याचा कोट मी बोटाने खुर्चीवरून खाली पाडला आणि बाहेर आलो.

तासाभराने पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? वकील माझ्या आधीच मान हलवायला लागला होता. 

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "तार मालकाची व्हती. आन् ह्ये वकील बी मालकाचंच हाईत. मला माजा वकील पायजे."

साहेबांनी वर बघितलं आणि पुन्हा बोला म्हणाले. मी पुन्हा बोललो. दुसऱ्यांदा आवाज कमी कापला. गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या वकिलाला ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

त्याच संध्याकाळी आण्णांच्या माणसांनी आमची खोपी मोडली. हौसाची चूलसुद्धा लाथेने फोडली. आम्ही नारायणगावच्या बाजूला मेव्हण्याकडे गेलो. हौसा वाटेत एकच बोलली, "आदीच बोलायचं व्हतं."

मला मिळाल्या त्या वकीलबाई नवीन होत्या. एका खोलीत टेबल, दोन खुर्च्या. बसा म्हणाल्या. मी भिंतीला टेकून खाली बसलो, तर त्याही थांबल्या आणि मी खुर्चीत बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी काय झालं, पहिल्यापासून सांगा." मी सगळं सांगितलं. त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. घोंगडी तुमची, शब्द तुमचे, केस अवघड आहे, म्हणाल्या. ते शब्द मी बोललोच नाही असं म्हणता येईल का, हे त्यांनी विचारून पाहिलं. मी नाही म्हणालो. बोललो होतो. वाघिणीशी बोललो होतो, सरकारशी नाही. का बोललो ते मी कोर्टात सांगीन. आणि सांगितलं, सगळ्या काळ्या कोटांच्या देखत. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आण्णांच्या पुतण्याला बाईंनी थोडंच विचारलं. आरोपीच्या नावावर जमीन आहे? नाही. विजेचा खांब आरोपीचा? नाही. मग मालकाच्या बांधावर रोज वीज खेळत होती, ते मालकाला कधीच दिसलं नाही? पुतण्या घाम पुसत राहिला.

सहा वर्षांनी मी सुटलो. निकालात लिहिलं होतं, संशयाचा फायदा. लोक पेढे मागायला लागले. मला पेढ्याची शिसारी आली. कसला फायदा? कुणी मारलं हे न सांगता मला सोडलं. आण्णांना तर साधी नोटीस आली नाही. गावच्या निवडणुकीत तेच निवडून येतात, तेच वाघ वाचवायच्या सभेत पहिल्या रांगेत बसतात.

म्हणून मी पुन्हा वकीलबाईंकडे गेलो. मला तक्रार द्यायची म्हणालो. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी पुरावा नाही, तार नाही, काही होणार नाही, झालाच तर तुम्हालाच त्रास होईल. मी म्हणालो, होऊ द्या. लिहा. आणि एकदा फेटाळली तर मी पुन्हा येणार, पुन्हा लिहायचं.

त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, कुणाविरुद्ध? मी आण्णा म्हणालो नाही. त्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव आणि गाव, एकेक करून सांगितलं, आणि ते बरोबर लिहिलंय का हे बोट ठेवून वाचून घेतलं.