बाय-टू आणि चार ओळींचा माफीनामा

इथं कन्नड मुलखात, दाजीबानपेठेत माझं खणांचं आणि ब्लाउजपीसचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून माझ्या मित्राचं साड्यांचं. तीस वर्षं रोज चार वाजता आम्ही एकच चहा मागवतो आणि दोन ग्लासांत करून घेतो. आमच्याकडे याला बाय-टू म्हणतात. पूर्ण चहा परवडत नाही असं नाही. पण बाय-टू एकट्याला पिता येत नाही, हीच त्यातली गंमत. तो चहा मध्यंतरी बंद पडला होता. दोष माझा. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सांगता सांगता थोडा त्याच्यावर ढकलेन.

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक समारंभात भाषण करायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. यंदा अध्यक्षांनी, म्हणजे धारवाडच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी, त्याला उभं केलं. मला आनंदच झाला. हा माणूस गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा निम्मं वाक्य तोंडानं म्हणतो आणि उरलेलं साडी उलगडून पुरं करतो. इथं उलगडायला साडी नव्हती. मी मांडी घालून, निवांत, तो आपटायची वाट बघत बसलो.

तो गिऱ्हाइकांबद्दल बोलला. लग्नाची साडी घ्यायला आलेली मुलगी साडीकडे बघायच्या आधी आईच्या चेहऱ्याकडे बघते, असं काहीतरी. साधंच. हॉल गप्प झाला. मी बाजूला पाहिलं तर आमची बायको पदरानं डोळे पुसत होती. माझ्या भाषणांत तिनं आजवर फक्त घड्याळ पाहिलंय.

पुढे पंगत बसली. शेजारच्या पानावरचा म्हणाला, "काय बोलला हो." जिलेबीचा तुकडा तोंडात असताना मी म्हणालो, "बोलेल की. सुनेनं लिहून दिलेलं. ती कॉलेजात शिकवते ना."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मसालेभात वाढून व्हायच्या आत ते वाक्य पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं, आणि तिथं तो बसला होता. त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता चहावाल्यानं माझ्यापुढे पूर्ण ग्लास ठेवला. "पलीकडच्यांनी त्यांचा वेगळा मागवलाय," म्हणाला. तो चहा मला संपेना.

आठवड्यानं त्याची सून ब्लाउजपीस बघायला आली. दोन रंग बाजूला काढून झाल्यावर शांतपणे म्हणाली, "काका, भाषण मी लिहून दिलं म्हणे."

"अगं, कौतुकानं म्हणालो."

"मी गदगची. शाळा कन्नड, शिकवते ते कन्नड. मराठी बोलायला तुमच्या या गल्लीत शिकले. लिहिता कुठं येतंय मला?"

पंधरा वर्षं ही मुलगी माझ्याशी मराठीत घासाघीस करते आहे. तिचं माहेर कन्नड आहे हे मी साफ विसरलो होतो. तिनं पिशवीतून साडीच्या खोक्याचा एक पुठ्ठा काढला. त्यावर त्याचं वेडंवाकडं अक्षर, नुसती खाडाखोड. 'आईच्या चेहऱ्याकडे' हे तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. "असले अकरा आहेत घरात," ती म्हणाली.

मी खोटा ठरलो याचं वाईट वाटलंच. पण ते खरोखर त्याचंच होतं, हे जास्त झोंबलं.

मास्तरांनी बोलावून घेतलं. "पंगतीपुढं बोललास, पंगतीपुढंच निस्तर. रविवारी सभा आहे. चार ओळी लिहून आण आणि वाच."

चार ओळींना चार दिवस लागले. पहिल्यांदा लिहिलं, 'मी माझे शब्द मागे घेतो.' बायको म्हणाली, "मागं घेतलेला माल तुम्ही पुन्हा घडी घालून विकायलाच ठेवता की." मग 'माघार घेतो' लिहिलं. "लढाई कुठं होती?" 'विधान नाकारतो' याला ती नुसती हसली, अख्ख्या पंगतीनं ऐकलेलं नाकारणार कसं? 'शब्द गिळतो' लिहिलं तर म्हणाली, "जिलेबीबरोबरच गिळायचे होते." खरं सांगायचं तर मी असं क्रियापद शोधत होतो की ज्यात माफी मागितल्यासारखं दिसेल, पण त्याचं भाषण चांगलं होतं असं कुठं म्हणावं लागणार नाही.

शनिवारी बायकोनं कागद हातात दिला. "त्यालाच विचारा जा. त्याला येतंय लिहायला."

तो कागद आणि बायकोचं हे वाक्य घेऊन मी भिंतीपलीकडे गेलो. "शुद्धलेखन तेवढं बघ," म्हणालो. त्यानं चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"अण्णा, यात तू कुठं आहेस?"

"ते राहू दे. मागे घेतो म्हणू, का परत घेतो?"

"काय घेणार? बोललास ते आता तुझ्याकडे हाय कुठं? ते साऱ्या गावाकडे हाय." त्यानं एक पुठ्ठा ओढला, लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं: 'मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो चांगला बोलला. ते मला बघवलं नाही, म्हणून मी खोटं रचलं.'

"हे वाचू?"

"नको वाचू. बिडु," तो कन्नडात म्हणाला, "जाऊ दे," आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

रविवारी मी तेच वाचलं. हॉल गप्प झाला, अगदी त्याच्या वेळेसारखा. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. पुढच्या रांगेतल्या एक वकीलबाई म्हणाल्या, "काय सुरेख लिहिलंत हो."

ते कौतुक मी क्षणभर खिशात घातलं. तो क्षण मला फार आवडला, हे इथं कबूल करतो. मग बायकोकडे लक्ष गेलं. ती पदराआडून माझ्याकडेच बघत होती.

"मी नाही लिहिलं," म्हणालो. "लिहून घेतलंय. त्याच्याकडून."

हॉल हसला. त्यानं याही वेळी मान वर केली नाही, पण खांदे हलत होते.

सोमवारी चार वाजता एक चहा आणि दोन ग्लास आले. चहावाल्याचा हात नेहमीच एका ग्लासात जरा सैल सुटतो. माझ्या मित्रानं तो जास्त भरलेला ग्लास स्वतःकडे ओढला. मी ओढू दिला. पाहिलं मात्र. चांगला बोटभर जास्त होता.