साठेकाकांची मराठी

रविवार, १८ नोव्हेंबर २००७. आठवड्याची इस्त्री. चौथ्या शर्टाच्या कॉलरवर होते तेव्हा साठेकाकांचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. "वैशाली, मी दिलेल्या मशीनवर मराठी आहे का गं अजून?"

"नाही हो काका, मी पहिल्यापासून इंग्रजीच ठेवलं होतं."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मी खोटं बोलले होते. का, ते सांगायचं तर आधी काका सांगायला हवेत.

इंग्लंडमध्ये, वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळात साठेकाकांना सगळे ओळखायचे ते त्यांच्या बसण्यावरून. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेला हा इंजिनियर दर शनिवारी हॉलवर ऑफिसांनी टाकून दिलेले कम्प्युटर दुरुस्त करून वाटायचा आणि ज्याला दिला त्याला शिकवायचा. शिकवताना काका स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. कुणी म्हणालं, काका, तुम्हीच जरा क्लिक करा ना, की ठरलेलं उत्तर: "माझे हात अडकलेत. तू कर. फुटलं तर दुसरा देतो." मी सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, प्रॅक्टिस मॅनेजर. माणसं शिकवायची म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. इतका धीर मी कुणात पाहिला नाही.

त्या मशीनवर ते एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालायचे. नाव सांगून उपयोग नाही, आता ती कुणी चालवत नाही. चार-पाच देशांतल्या मूठभर लोकांनी नोकरी सांभाळून, फावल्या वेळात ती बनवली होती, तीही कम्प्युटरला घाबरणाऱ्यांसाठी. मोठी चित्रं, साधे प्रश्न. कुणीही घ्यावी, वाटावी, बदलावी. "जिला मालक नाही, तिला बंद कोण करणार?" हे काकांचं लाडकं वाक्य. मी एकदा विचारलं, बिघडली तर फोन कोणाला करायचा? "सगळ्यांना." मी म्हटलं, सगळे म्हणजे कुणीच नाही. काका हसले. "तू मॅनेजर आहेस," म्हणाले. ते कौतुक नव्हतं.

ही सिस्टिम त्यांनी धरली ती नलिनीकाकूंमुळे. काकूंनी तीस वर्षं इथल्या वॉर्डांमध्ये नर्सिंग केलं, तेही इंग्रजीत. मग स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि इंग्रजी गेलं. मराठी तेवढी राहिली. म्हणून काकांनी त्या सिस्टिमची मराठी करायला घेतली. तिच्या वेबसाइटवर जाऊन एकेक वाक्य, एकेक बटण, असे तीन हिवाळे. पूर्ण झाल्यावर काकू डाव्या हाताच्या एका बोटाने नागपूरच्या बहिणीला रोज मेल लिहू लागल्या. त्याआधी मी एकदा म्हटलं होतं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. काकूंनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा. "बहिणीशी बोलायला मध्ये माणूस कशाला?"

एवढ्या कामाची एकही प्रत काकांनी घरी ठेवली नाही. सार्वजनिक वस्तू घरी न्यायची नाही, हा त्यांचा नेम. मंडळाच्या उरलेल्या चकल्याही ते नेत नसत. सिस्टिमच्या सीडीवर फक्त इंग्रजी असायचं. मराठी त्या लोकांच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यावी लागे.

मग त्या बनवणाऱ्यांपैकी एकाला मोठी नोकरी लागली, दुसऱ्याला मूल झालं, दोघांचं भांडण झालं. शेवटी वेबसाइटवर सूचना आली की महिनाअखेर सर्व्हर बंद होईल, ज्याचं जे असेल त्याने उतरवून घ्यावं. त्या महिन्यात काकू पुन्हा हॉस्पिटलमध्ये होत्या आणि काका त्यांच्या उशाशी. सूचना वाचली तेव्हा सर्व्हर गेलेला होता. काकू घरी आल्या आणि आठवड्यात त्यांच्या मशीनची हार्ड डिस्क गेली. काकांनी सीडी घातली. इंग्रजी आलं. त्यांनी त्या लोकांच्या प्रमुखाला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: बॅकअप नाही, वाईट वाटतं, पण सगळं खुलं आहे, तुम्ही पुढे चालवा.

त्यांनी मग मंडळातल्या प्रत्येक घरी फोन केला. मशीन देताना काका त्यावर मराठी घालूनच देत. आम्ही लोक घरी जाऊन पहिल्या संध्याकाळी इंग्रजी करत होतो. आम्हाला काय इंग्रजी येत नाही? एका डॉक्टरांनी तर हॉलवर सर्वांदेखत म्हटलं होतं, "काका, मराठीत कम्प्युटर म्हणजे इंग्रजीत आरती." भाषा बदलली की सिस्टिम विचारायची: मराठी काढून टाकू का, जागा वाचेल. सगळ्यांनी हो म्हटलं. तो प्रश्नही काकांनीच मराठीत केला होता.

मी मात्र काढली नव्हती. दिवसभर सर्जरीत इंग्रजी बोलून घरी त्याचा कंटाळा यायचा. चार वर्षं मी ती मराठी वापरली आणि काकांना कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही. ऑक्टोबरात नवा लॅपटॉप घेतला आणि जुनं मशीन कौन्सिलच्या टिपवर, कचरा डेपोत, टाकून आले. पाच आठवडे झाले होते त्याला. फोनवर ते सांगायची हिंमत झाली नाही, एवढंच. राहिलेला शर्ट इस्त्री केला.

सोमवारी सकाळी सर्जरीआधी त्यांच्या घरी गेले. मशीन चालू होतं, इंग्रजीत. काकू त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी बसल्या होत्या. मी अंगातला कोटही न काढता सगळं सांगून टाकलं.

काका म्हणाले, "म्हणजे तू वापरत होतीस."

"चार वर्षं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग सांग, कुठला शब्द खटकायचा?"

मी म्हटलं, मशीन बंद करताना शेवटी ‘बाहेर पडा’ असं यायचं, ते कुणी हाकलल्यासारखं वाटायचं.

"खरंय," म्हणाले. पेन्सिल घेऊन एका पाकिटाच्या पाठीवर त्यांनी ते लिहिलं. "नव्याने करताना बदलू. अजून?"

मी सर्जरीला फोन करून उशीर होईल असं सांगितलं, कोट काढला आणि आठवतील तसे खटकलेले शब्द सांगत गेले. ते लिहीत गेले. सात झाले. आठवा काही केल्या आठवेना.