धूळ वजा केल्यावर

तीन माणसं वर्षानुवर्षं एकाच खोलीत एकाच विषयावर डोकं आपटत बसली की पेपर कमी होतात, किस्से जास्त! आमचंही तसंच. विषय ताऱ्यांमधल्या धुळीचा. ती जेमतेम उबेनं मायक्रोवेव्ह लहरींमध्ये मंद चमकते आणि तिच्यामागे विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश झाकला जातो. धुळीच्या चमकेचं मॉडेल करायचं, आकाशाच्या नकाशातून ती वजा करायची, खाली काय उरतं ते बघायचं. काहीच उरलं नाही, तर असलंच तर कितीपेक्षा कमी असेल तो आकडा काढायचा. आमचे गाइड बेडेकर सर, मृणाल आणि मी हेच करायचो.

*

कोथरूडला सरांच्या सोसायटीत नव्या सेक्रेटरींनी विचारलं, "आपण काय करता?"

"धुळीचा अभ्यास."

"मग आपल्या जिन्यातलीही बघा की एकदा!"

"नको. ती तुमच्या कमिटीने जपलेली आहे."

*

एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ तावातावाने उठले. "याचा समाजाला उपयोग काय?"

सर म्हणाले, "मी रोज आठ तास समाजापासून लांब राहतो. हा काय कमी उपयोग आहे?"

*

मृणाल आमच्यातली सगळ्यात हुशार. आकाशाच्या एका स्वच्छ वाटणाऱ्या तुकड्यात धूळ वजा केल्यावर तिला एक नक्षी दिसली. विश्वाच्या जन्माच्या वेळची असावी अशी! विश्रांतवाडीत तिच्या बाबांनी पेढे वाटले.

सरांनी एवढंच विचारलं, "सगळ्या धुळीचं तापमान सारखंच धरलंयस का गं?"

धरलं होतं. जागेनुसार बदलून बघितलं आणि नक्षी गेली. तीही धूळच होती!

तिने घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेढ्यांचं काय, खाल्ले लोकांनी. तू जेवलीस का?"

*

मग सरांचं डोकं दुखायला लागलं. बोलताना शब्द अडकायला लागले. स्कॅन झाला. मेंदूत गाठ. डॉक्टरांनी पडद्यावर पांढरा डाग दाखवला तेव्हा सरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, आणि मी शेजारीच होतो.

सरांनी चष्मा पुसला. "मशीनचा दोष नाही ना? दुसऱ्या मशीनवर बघितलंत?"

डॉक्टर बिचारे तरुण. "बघितलं, सर. तिथेही आहे."

"मग ठीक. काम नीट केलंत तुम्ही."

पाणी डॉक्टरांनाच द्यावं लागलं!

*

शेवटी शेवटी सर कुणालाच ओळखत नव्हते. काकूंनाही "अहो बाई" म्हणायचे. मृणालचं काम तेव्हा कुठे पूर्ण झालं होतं. ती भेटायला गेली. सर खिडकीकडे बघत पडले होते.

"सर, मी मृणाल. सगळी धूळ काढली. खाली काहीच नाही सापडलं."

सर हलले नाहीत.

"त्यांना आता कळत नाही गं," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात सरांनी मान वळवली.

"काहीच नाही म्हणजे किती?"

मृणालने सॅकमधून लॅपटॉप काढला आणि पलंगावर त्यांच्या शेजारी सरकून बसली.