पेट्रोल परत ओतणारा चोर

मुक्ता, निशाद,

गेल्या रविवारी फोनवर निशाद म्हणाला, "आज्जी, गाडीचा मीटर दाखवतो तेवढंच पेट्रोल असतं. मशीन कशाला खोटं बोलेल?" मग तुमच्या आईने भाजीचं काहीतरी विचारलं आणि विषय निघून गेला. माझ्या डोक्यातून गेला नाही. मी पेणमध्ये बरीच वर्षं गाड्यांचं वायरिंग दुरुस्त केलं. या एका वाक्यापायी एका माणसाची नोकरी जवळजवळ गेली होती. फोनवर सांगायला बसले तर तुमची उत्तरं मध्ये येतात, म्हणून लिहून पाठवते.

आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. आजोबा बॅटऱ्या बघत, वायरिंग माझ्याकडे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, "मिस्त्री कुठायत?" मी म्हणायचे, "बोला." गिऱ्हाईक आजोबांकडे बघायचं. आजोबा हातातल्या बॅटरीकडे बघायचे. एवढं झालं की काम सुरू व्हायचं.

रोह्याचे एक वकीलसाहेब त्या दिवशी आले ते हातात कुलूप घेऊन. छोटं, पितळी, नवंकोरं. गणपती विसर्जन होऊन काही आठवडे झाले होते. त्यांची पांढरी, गोल पाठीची मोटार दारात उभी होती आणि ड्रायव्हर धर्मा बॉनेटजवळ खाली बघत उभा होता.

"वहिनी, दोन कामं आहेत," वकीलसाहेब म्हणाले. "पेट्रोलच्या झाकणावर पट्टी मारून हे कुलूप बसवायचं. आणि पेट्रोलचा मीटर ठीक आहे, एवढं तुमच्या तोंडून ऐकायचं. तुम्ही फिजिक्सच्या पदवीधर. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"मीटर ठीक असेल तर माझ्याकडे कशाला आणलात?"

"कारण तो ठीक असला, की उद्यापासून हा माझ्याकडे नाही." त्यांनी मान न वळवता अंगठा धर्माकडे केला.

धर्मा पेणच्या खाडीकडच्या गावातला. घरचे सगळे मिठागरावर. त्याने मात्र ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं आणि रोह्याला नोकरी धरली. मालकाने पेट्रोलचोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरच्या हातात पेणपासून रोह्यापर्यंत कोणी पुन्हा किल्ली दिली नसती. हे वकीलसाहेबांनाही ठाऊक होतं आणि धर्मालाही.

"ताई, मी नाय काढलंय पेट्रोल," तो म्हणाला. "आईची शप्पथ."

"शपथ कोर्टात घे," वकीलसाहेब म्हणाले.

मी स्टूल पुढे केलं आणि तक्रार काय ते विचारलं. वकिलाला तक्रार विचारू नये, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुद्दा असा होता: धर्मा गाडी घेऊन बाजारात किंवा कोर्टात जाऊन आला की मीटरची सुई खाली असे. रविवारी वकीलसाहेब स्वतः गाडी चालवत, तेव्हा सुई जागची हलत नसे. संध्याकाळी दिवे लावून धर्मा परत आला की सुई आणखी खाली. आणि सकाळी बघावं तर पुन्हा वर.

"पुन्हा वर?" मी विचारलं.

"वर! म्हणजे बघा, हा संध्याकाळी पेट्रोल काढतो. मग रात्री घाबरतो. आणि पहाटे येऊन परत ओततो."

आजोबांच्या हातातला पाना खाली पडला.

"चोरलेलं परत ओततो, तर मग चोरतो कशाला?"

"ते गुन्हेगाराचं मन आहे, वहिनी. ते फिजिक्समध्ये नसतं."

"आणि पंपावर काय होतं? टाकी भरायला गेलात की किती बसतं?"

"ती तर आणखी गंमत. सुई पाववर, म्हणून टाकी भरायला सांगितली, तर बसायला हवं त्याच्या निम्म्यातच पेट्रोल उतू गेलं. पंपवालाही सामील आहे. मी दोघांनाही तिथंच सुनावलं."

म्हणजे आता चोर दोन झाले होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर मलाही आरोपी केलं असतं. म्हणून मी कामाला लागले.

मुलांनो, आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, तुमच्या आईला हे पाचवीत कळलं होतं. टाकीच्या आत पेट्रोलवर एक फ्लोट तरंगतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली जातो आणि त्याच्या दांड्याला जोडलेला रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे करंटची वाट अरुंद होते. पुढे डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये कमी करंट पोचतो आणि सुई खाली येते. सुई पेट्रोल बघत नाही. ती फक्त करंट बघते. शिवाय त्या गाडीतली सुई आळशी होती, एकदा खाली आली की सावकाश वर जायची.

मी नेहमी एका वेळी एकच गोष्ट तपासते. आधी मागे डिकीत टाकीवरची वायर काढली, सुई तळाला गेली. वायर पत्र्याला टेकवली, सुई पूर्ण वर गेली. म्हणजे मीटर ठीक.

"ठीक आहे ना?" वकीलसाहेब लगेच म्हणाले.

"मीटर ठीक आहे. अजून टाकी आहे."

फ्लोट बाहेर काढला, हाताने वर-खाली केला, रेझिस्टन्स मोजला. कुठे अडकत नव्हता, कुठे तुटत नव्हता. टाकीत डोकावलं, पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. सगळं परत बसवलं. सुईही अर्ध्याच्या जरा वर येऊन थांबली. सुई, फ्लोट आणि पेट्रोल, तिघांचं एकमत.

मी हे मोठ्याने सांगितलं आणि सांगताना धर्माचं तोंड उतरत गेलेलं पाहिलं. तो कपाळ पुसून म्हणाला, "म्हंजी मीच ठरलो चोर."

"झालं तर मग," वकीलसाहेब उठले. "कुलूप बसवा."

"टाकीजवळ मी ड्रिल चालवत नाही. आणि माझं अजून झालं नाही. रोह्याहून निघालात तेव्हा सुई कुठे होती?"

"अर्ध्याच्या वर."

"मध्ये?"

"वडखळ नाक्यावर बघितली. पाववर होती. गर्दीत कुठेतरी..." ते बोलता बोलता थांबले.

"आता अर्ध्याच्या वर आहे. वडखळ ते पेण धर्माने पेट्रोल ओतलं कधी? तुम्ही गाडीतच होता ना?"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "वडखळनंतर मला जरा डुलकी लागली होती."

"साहेब घोरत व्हते," धर्मा म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं धीट वाक्य.

चालत्या गाडीत, मागे मालक झोपलेला असताना टाकीत पेट्रोल ओतणारा ड्रायव्हर मिळाला, तर त्याला कामावरून काढू नये, सर्कशीत भरती करावं. पण हे मी बोलले नाही. मी धर्माला एवढंच म्हटलं, की गाडी उन्हात आहे, मागे घेऊन शेडमध्ये लाव. मी त्याच्या शेजारी बसले, कारण सुईवरची नजर मला काढायची नव्हती.

शेडच्या तोंडाशी आजोबांच्या बॅटऱ्या मांडलेल्या होत्या. धर्मा भारीच जपणारा ड्रायव्हर. हातभर मागे, ब्रेक. पुन्हा हातभर, ब्रेक. शेवटी त्याने ब्रेकवर पाय तसाच ठेवला आणि मान वळवून मागे बघत राहिला. सुई हळूहळू खाली यायला लागली. अर्ध्याच्या खाली. पाववर.

"पाय काढू नकोस," मी म्हटलं.

"काय झालं ताई? धडकली काय?"

"नाही. आता काढ."

सुई आळसावत वर निघाली. मी उतरले आणि वकीलसाहेबांना माझ्या जागी बसवलं.

"धर्मा, दाब." सुई खाली. "सोड." सुई वर. "दाब."

"हे काय आहे?" वकीलसाहेब म्हणाले.

"तुमचा चोर. मोजा, किती वेळा पेट्रोल काढतो आणि परत ओततो."

मी गाडीच्या मागे गेले. ब्रेक दाबलेला असताना मागचे लाल दिवे देवघरातल्या निरांजनाएवढे मिणमिणत होते. मग उरलं फक्त कारण शोधणं.

घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात, करंट येण्याची आणि परत जाण्याची. गाडीत एकच असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. या गाडीत टाकीची आणि मागच्या दिव्यांची परतीची वाट डिकीतल्या एकाच स्क्रूवरून जात होती. ती वाट तुंबली, तर दिवे लागल्यावर आधी दिव्यांची गर्दी होते आणि टाकीच्या बिचाऱ्या बारीक करंटला जागाच उरत नाही. करंट कमी, म्हणून सुई खाली. दिवे बंद, वाट मोकळी, सुई वर. मी नुसती सुई तपासत होते तेव्हा दिवे बंद होते, म्हणून सगळं ठीक दिसलं.

मी स्क्रू काढला. खालच्या पत्र्यावर, स्क्रूच्या वायसरखाली, वायरीच्या टोकाभोवती पिवळाधमक रंग होता. सोनेरी झाक असलेला. पेणच्या माणसाला तो रंग सांगावा लागत नाही. गणपतीच्या पितांबराचा.

"डिकीला पितांबर कोणी नेसवलं?" मी विचारलं.

वकीलसाहेबांनी वाकून त्या रंगावर नख ओढलं. मग म्हणाले, "शरद."

शरद म्हणजे त्यांचा मेव्हणा, एका कंपनीत इंजिनिअर. वकीलसाहेबांच्या घरी दर वर्षी पेणच्या कारखान्यातून मूर्ती नेत आणि ती स्वतःच्या गाडीतूनच नेत. त्या वर्षी शरदच्या मनात आलं, की पेण ते रोहा रस्त्यावर सगळ्यांना बाप्पा दिसला पाहिजे. त्याने गाडीत बल्बची माळ सोडली आणि तिची परतीची वायर या स्क्रूखाली दिली. पावसाळी हवेने गंज धरू नये, म्हणून कारखान्यातल्या रंगाऱ्याकडून ब्रशभर रंग मागून तो तिथे फासला. हेतू चांगला होता. फक्त रंग आधी लावला आणि स्क्रू नंतर आवळला, त्यामुळे वायर आणि पत्रा यांच्यामध्ये रंग आला, आणि रंगातून करंट जात नाही. विसर्जनानंतर माळ निघाली, रंग राहिला.

"तो मला म्हणाला होता, काम असं केलंय की दहा वर्षं बघायला नको," वकीलसाहेब म्हणाले.

"मूर्तीवर रंग राहिलाही असता दहा वर्षं."

मी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, वायसर बदलला, स्क्रू आवळला. धर्माने ब्रेक दाबला. मागचे दिवे लालभडक. सुई जागेवर.

"पण मी चालवताना का हलत नव्हती?" वकीलसाहेबांचा उलटतपास संपला नव्हता.

मी काही म्हणायच्या आत धर्मा बोलला. "साहेब, तुमी ब्रेक कुठं दाबताव? तुमी हॉर्न दाबताव."

आजोबा पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. खरंच तेवढंच होतं. वकीलसाहेब रोह्याच्या बाजारातून हॉर्नच्या जोरावर जात, म्हणून टाकी शाबूत. धर्मा शेळी दिसली तरी ब्रेक दाबी, म्हणून तो चोर.

वकीलसाहेब गाडीत बसले. माफी मागितली नाही, ती त्यांच्या व्यवसायात मागत नाहीत. म्हणाले, "चल धर्मा. आणि ब्रेक जरा कमी दाबत जा."

धर्माने किल्ली फिरवली नाही. "ब्रेक लागंल तवा दाबनार, साहेब. पन पंपावर तुमी सगल्यांसमोर बोल्लाव ते माज्या गावात पोचलंय. आता तिथं काय सांगायचं?"

वकीलसाहेबांनी दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "चल तर खरा."

पुढचं मला धर्माने नंतर सांगितलं. वाटेत गाडी पंपावर थांबली. पेट्रोल घ्यायचं नव्हतं. वकीलसाहेब पंपवाल्याला म्हणाले, "मीटर बिघडला होता." मीटर अजिबात बिघडला नव्हता, पण मी दुरुस्ती पाठवली नाही.

"येवढंच बोल्ले," धर्मा म्हणाला. "पन काच खाली करून बोल्ले, ताई. सगल्यांनी आयकलं."

धर्माने पुढे बरीच वर्षं तीच गाडी चालवली. शरदने शेवटपर्यंत सांगितलं, की रंग हलका निघाला.

तेव्हा निशाद, सुई खोटं बोलली नव्हती. तिला करंट विचारला होता, तिने करंट सांगितला. पेट्रोलचं वकीलसाहेबांनी स्वतःच ठरवलं, आणि चोराचंही. यंत्राने काही दाखवलं की ते नेमकं काय मोजतंय एवढं आधी विचार. माणसावर बोट नंतर दाखवता येतं.

दुकान आता नाही. ती मोटारही भंगारात गेली. वकीलसाहेब त्या दिवशी कुलूप माझ्या टेबलावर विसरले आणि न्यायला कधी आले नाहीत. ते माझ्याकडे आहे, दोन्ही किल्ल्यांसकट. अजून कट्कन लागतं.