फोडलेला चिंचोका

दिगंबरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात नव्याच आलेल्या कॉम्प्युटरशी झटापट करत होतो. काकू एवढंच म्हणाली, "बाळू, काका गेले रे." माझा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. सव्वा महिना झाला, अजून जातो...

काकांनी काचीगुड्याच्या आमच्या मराठी शाळेत हयातभर नागरिकशास्त्र शिकवलं. त्यांचं बालपण निजामाच्या राज्यातलं. "फर्मान आलं की उभं राहून ऐकायचं, बस. पसंत आहे का बोलून कोणी विचारत नव्हतं," ते सांगायचे. "आता विचारतात. मग आपण हरलो तर हरलो म्हणायचं, हौ ना?" निवृत्तीनंतर ते शाळेच्या समितीचे अध्यक्ष झाले आणि प्रत्येक ठराव गुप्त मतदानाने, असा हेका धरून बसले. आम्ही बाकीचे सहाही सभासद त्यांचे विद्यार्थी. आमची अक्षरं त्यांना पाठ, म्हणून चिठ्ठ्या बंद. प्रत्येकाला एक अख्खा चिंचोका आणि एक फोडलेला. अख्खा म्हणजे होकार, फोडलेला म्हणजे नकार. दोन्ही खिशात ठेवायचे, चाचपून एक मुठीत घ्यायचा आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. उरलेला पिशवीत. घरात भाजी कोणती करायची यावरही हे डबा काढत असतील, म्हणून आम्ही हसायचो.

मग ती वर्षं आली. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास, इंग्रजी शाळांपुढे रांगा. आमच्या पहिलीत नऊ मुलं उरली. मराठी वर्ग बंद करून इंग्रजी सुरू करायचा ठराव आला. आदल्या दिवशी कोठीतल्या हॉटेलात चहा पिताना काकांनी काही विचारलं नव्हतं, मीच म्हणालो, "काका, मी तुमच्याबरोबर आहे." माझी स्वतःची मुलगी तेव्हा मलकपेठच्या इंग्रजी शाळेत जात होती.

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. "हरलो," काका शांतपणे म्हणाले. मग त्यांनी पिशवीतले चिंचोके मोजले. एक कमी होता. त्यांनी पिशवीचं तोंड बांधून टाकलं. पालकांना द्यायची नोटीसही त्यांनीच बसून लिहिली, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात.

मी त्यांना घरी सोडायला गेलो. घाम पुसायला रुमाल काढला आणि खिशातून चिंचोका फरशीवर पडला. मतदानानंतर उरलेला तो, घाईत पिशवीत टाकायचा राहिलाच होता. मी वाकायच्या आत काकांनी त्यावर तळवा ठेवला. नजर खिडकीबाहेर. तसाच उचलून माझ्या मुठीत दिला, मूठ मिटवली. "तुझा आहे, ठेव. मी बघितला नाही."

त्यानंतरही ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले, आणि मला तेच सोसवत नव्हतं. सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. सांगितलं नाही, चिंचोका शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. मी भित्रा होतो, दुसरं काय.

परवा काकूने तो डबा मला दिला. मी चिंचोका त्यात टाकला, झाकण लावलं, पुन्हा काढलं. डोळे मिटून तळव्यावर धरून पाहिला... फोडलेला लगेच कळतो.