कावळ्याने नाकारलेला कॅन

वडील हयात असताना त्यांनी माझ्या कामाला कधी नावं ठेवली नाहीत. गेल्यावर ठेवली, आणि तीही कावळ्याकरवी.

माझं काम म्हणजे जुन्या मालाला नवे कपडे चढवणं. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसकडे एक जुनी बिअर आली होती. तपकिरी बाटली, लेबलावर झुपकेदार मिशांचा फौजदार. तरुण पोरं ती हातात धरायला लाजतात, अशी कंपनीची तक्रार. मी फौजदाराला सेवानिवृत्त केलं, बाटली बंद केली आणि सडपातळ, आरशासारखा चकचकीत कॅन आणला. (आरशासारखा हवा, हा हट्ट माझाच. पिणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. टाळ्याही पडल्या होत्या!)

आमचे बाबा गिरणी कामगार. गिरणी गेली, आम्ही विक्रोळीला आलो, पण रविवारी तळलेल्या बांगड्यासोबत त्यांचा फौजदार कधी चुकला नाही. नवा कॅन बाजारात यायच्या आधीच बाबा गेले.

पितृपक्षात त्यांचा पहिला म्हाळ. आईने इमारतीच्या गच्चीवर पान वाढलं, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, आणि मला म्हणाली, बाबांची बाटली आण. मी कॅन आणला. (दुकानात दुसरं काही मिळेना. ती व्यवस्था मीच केली होती.) आईने तो उलटसुलट करून पाहिला. ती अजूनही मालवणीतच बोलते.

"ह्यां काय रे? अंगाक मारूचो फवारो?"

"बिअरच आहे, आई. तीच. फक्त स्टाइल बदललीय."

"कोणी बदलली?"

मी आभाळात कावळा दिसतोय का ते बघू लागलो.

कावळा आला. पानाजवळ उतरला, उन्हात तळपणाऱ्या कॅनकडे पाहिलं आणि थेट पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. पुन्हा आला, पुन्हा गेला. (त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला असणार. ठरल्याप्रमाणेच.)

कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि खाली सगळे नातेवाईक उपाशी. बाबांचे धाकटे भाऊ भाऊकाका, त्यांना मधुमेह. त्यांनी वर येऊन कॅन बाजूला करायचं सुचवलं. आईने साफ नकार दिला; पानावरची वस्तू हलवायची नाही. मग काकांनी वचनांचा सपाटा लावला. गावचं घर शाकारू, वाटणीचं भांडण मिटवू, पोरीचं लग्न थाटात करू. कावळा टाकीवर चोच घासत राहिला.

शेवटी आई माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, आवाज मात्र कोरडा.

"वरसान जेवूक इले ते. तूच बदललंस मां? मगे तूच सांग तेंका."

मी हात जोडले. एरवी मला पुस्तकातली वाक्यं सुचतात. तेव्हा एवढंच आलं, "बाबा, तुमचा फौजदार परत आणतो."

नेमका तेव्हा सूर्य ढगाआड गेला असेल, मी वाद घालत नाही. पण कावळा उतरला आणि वडा घेऊन उडाला.

पितरांना दिलेला शब्द मोडता येत नाही. दुसऱ्याच दिवशी मी साहेबांसमोर उभा राहून माझंच म्हणणं खोडून काढलं. त्यांनी विचारलं, "आधार काय याला?"

"मोकळ्या जागेत चाचणी घेतली, सर. समोर ठेवलेला माल दोनदा नाकारला गेला."

फौजदार परत आला, मिशा जरा कोरून. आणि तरुण पोरं त्याच्यासोबत फोटो काढू लागली!

ऑफिसात आता मी तरुणांची नस ओळखणारा माणूस समजला जातो. नवं काम आलं की साहेब आधी मलाच विचारतात. मी एक दिवसाची मुदत मागून घेतो, नमुना घेऊन गच्चीवर जातो आणि वाट बघत बसतो.