दुर्बिणीला न लागलेली बुरशी

आदरणीय दामोदर घरत सर आणि मी प्रथम भेटलो ते पनवेलच्या माझ्या दवाखान्यात, पण सर काही पेशंट म्हणून आले नव्हते. गळ्यात दुर्बीण अडकवलेले हे निवृत्त भूगोल शिक्षक समोर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही डोळ्यांच्या, म्हणजे भिंगांतलं तुम्हाला कळत असणार. हिला बुरशी लागलीय. दुरुस्तीवाला म्हणतो, बुरशी नाहीच. पण पक्षी जरा निरखायला जावं, तर तो विरघळतो."

आपल्या दमट हवेत दुर्बिणीला बुरशी धरते, हे आपण सारे पक्षीमित्र जाणतो. मी मात्र तेव्हा चिमणी-कावळ्यापलीकडे गेले नव्हते. त्यांची दुर्बीण घेऊन खिडकीशी गेले आणि समोरच्या गच्चीवरचं कबूतर पाहिलं. मानेवरची हिरवी-जांभळी झाक उन्हात हलत होती, आणि मी तिथेच रमले. बाहेर पेशंट खोळंबले होते. अखेर भानावर येऊन म्हणाले, "सर, दुर्बीण ठणठणीत आहे. आता तुम्ही बसा."

तपासणीत डोळे कोरडे निघाले. सर रुमालाने डोळे पुसत हसले. "पाणी वाहतंय, आणि तुम्ही कोरडे म्हणता?" त्यांच्या कपड्यांना सिगारेटचा वास येत होता, म्हणून मी समजावलं. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि त्यावर तेलाची साय. सिगारेटच्या धुराने ती साय बिघडते, थर भराभर सुकतो, डोळा चुरचुरतो. मग तो पाणी सोडत राहतो, पण ते पाणी टिकत नाही. त्यात पक्षी निसटेल म्हणून पापणी न लववता बघत राहायची सरांची सवय. पक्षी विरघळत होता तो डोळ्यावर.

सरांनी सगळा दोष धुळीवर टाकला. घर उलव्याला, चहूकडे बांधकामं. धुळीचा वाटा मीही नाकारला नाही. फक्त विचारलं, "भर पावसाळ्यात चुरचुरत नाहीत?" सर पुन्हा रुमालाने डोळे पुसू लागले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, यमुनाकाकू, मध्येच बोलल्या. "माजे पन डोळे चुरचुरतान, डाक्टर. मी कवा सिगरेट फुकली?"

सरांनी काकूंकडे पाहिलं नाही. मला हळूच विचारलं, "पुढे मला पक्षी दिसायचे बंद होतील का?" मी औषधं लिहिली, पण सिगारेट चालू असेपर्यंत कसलीच हमी देता येणार नाही, हे स्पष्ट सांगितलं.

सर सिगारेट ओढत हे वाचून आपल्यापैकी अनेकांना धक्का बसेल. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरव अंकात हे लिहायची परवानगी त्यांचीच आहे. "बाकीचे चांगलंच लिहितील. तुम्ही खरं लिहा," असं ते म्हणाले. जंगलात त्यांनी कधीच सिगारेट पेटवली नाही. फाटकाबाहेर ओढायची आणि थोटूक रिकाम्या काडेपेटीत घालून घरी न्यायचं. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढ्यात बोलावणंही त्यांना खपत नसे. "त्याला त्याची कामं असतील," असं म्हणून ते वाट बघत बसत. मला ओळख झाल्यावर हे कळलं, तेव्हा माझी जीभ जरा तिखटच चालली. "जंगलाला धूर लागू नये म्हणून एवढं जपता सर, आणि घरात?"

त्या दिवसापासून सरांनी सोडायला सुरुवात केली. सहज सुटली नाही. मध्येच फोन यायचा. "डॉक्टरीणबाई, आज एक ओढली. डोळ्यांनी लगेच चहाडी केली." खोटं बोलायचं त्यांच्या मनात येत नसे, आणि मला त्यांचा राग धरणं जमत नसे.

त्याच वर्षी माझे वडील गेले. दुसऱ्या कुणी सांत्वनाचे चार शब्द बोलले असते. सर पहाटे दारात गाडी घेऊन उभे राहिले आणि मला कर्नाळ्याला घेऊन गेले. किल्ल्याचा सुळका धुक्यात होता. खालच्या झाडांतून कुणीतरी शीळ घालत होतं, थांबत होतं, पुन्हा घालत होतं. सरांनी पक्ष्याचं नावही सांगितलं नाही. ऊन पानांवरून खाली यायला किती वेळ लागला, मला आठवत नाही. घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली. तेव्हापासून मी त्यांची शिष्या.

पुढच्या हिवाळ्यात आमच्यासोबत यमुनाकाकूही आल्या, पहिल्यांदाच. पाण्याजवळच्या फांदीवर स्वर्गीय नर्तक येऊन बसला. पांढराशुभ्र, शेपटीच्या दोन लांब फिती वाऱ्यावर झुलत होत्या. सरांनी दुर्बीण लावली. मी पक्षी सोडून त्यांच्याकडेच बघत होते. ते सावकाश पापणी लववत होते, आणि पुन्हा बघत होते. रुमाल खिशातच होता. डोळ्यांचा कोरडेपणा पूर्ण गेला, असं डॉक्टर म्हणून मी म्हणणार नाही. पण पक्षी विरघळला नव्हता.

आणि सरांनी गळ्यातली दुर्बीण काढून काकूंना दिली.

"तुमी बघा की. तो उडंल," काकू म्हणाल्या.

"उडू दे. आधी तू बघ," सर म्हणाले. "माझ्यामुळे तुझे डोळे जळले."

काकूंनी दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि कितीतरी वेळ खाली घेतली नाही. सर शेजारी नुसते उभे होते. मला भरून आलं, ते मी लपवलं नाही.

सरांनी आता पंच्याहत्तरी गाठली आहे. त्यांना आणि काकूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. असा एखादा पक्षी एकमेकांना दाखवत दोघांच्या पुष्कळ सकाळी जावोत, आणि त्या दोघांना कसलीही घाई नसो.